संस्थेच्या नावावर गेलेला सरकारी पैसा कसा तपासायचा (पोषण आहाराचं उदाहरण घेऊन)

शाळेतली खिचडी, अंगणवाडीतलं पाकीट, बेघरांचा निवारा, व्यसनमुक्ती केंद्र, मतिमंद मुलांची निवासी शाळा, असली बरीच कामं सरकार स्वतः करत नाही. एखादी ट्रस्ट, सोसायटी, महिला मंडळ किंवा बचत गट ती चालवतो आणि सरकार पैसे देतं. यात वाईट काही नाही, कित्येक संस्था ऑफिसपेक्षा शंभरपट चांगलं काम करतात आणि वर अनुदान सहा-आठ महिने लटकलं की पदरचे घालून चालवतात. पण पैसा संस्थेच्या खात्यात गेला की लोकांना वाटतं आता हे "प्रायव्हेट" झालं, आपल्याला काय विचारता येणार. चुकीचं आहे. पैसा सरकारी, बिलावर सही सरकारी अधिकाऱ्याची, त्यामुळे प्रश्न विचारायचा तो संस्थेच्या ऑफिसात जाऊन नाही, सही करणाऱ्या ऑफिसला.

आणि अख्ख्या लेखातली मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. एकच आकडा दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या कारणांसाठी कुठे लिहिलाय ते शोधायचं. संस्थेने बिलात लिहिलेली मुलांची संख्या आणि वर्गशिक्षकाने हजेरीत लिहिलेली संख्या. खात्याने दिलेलं अनुदान आणि संस्थेने धर्मादाय आयुक्तांकडे दाखवलेलं अनुदान. एकाच माणसाने बनवलेले कागद एकमेकांशी जुळतातच हो, त्यातून काही कळत नाही.

उदाहरण म्हणून शहरातलं सेंट्रल किचन घेतो, म्हणजे महापालिका हद्दीतल्या शाळांना एका ठिकाणी शिजवून टेम्पोने पोषण आहार पोचवणारी संस्था. पण रीत बाकीच्या योजनांनाही हीच.

आधी पैशाची वाट काढा

माहिती अधिकाराचा अर्ज टाकायची घाई करू नका. अर्धी माहिती आधीच उघड पडलेली असते आणि ती हातात नसताना टाकलेला अर्ज भोंगळ होतो.

शासन निर्णयांची सरकारी वेबसाईट आहे, तिथे विभाग निवडून (इथे शालेय शिक्षण) योजनेचं नाव टाकून शोधा. जीआर (शासन निर्णय) मिळाला की तीन गोष्टी टिपून ठेवा: सांकेतांक (त्या जीआरचा नंबर), लेखाशीर्ष आणि शेवटच्या पानांवरच्या अटी. लोक पहिलं पान वाचून सोडतात, खरा माल अटींमध्ये असतो, कोणी किती दिवसांनी तपासणी करायची, वजन कोणी करायचं, दंड किती, बिलाला कोणते कागद जोडायचे. अधिकाऱ्याने काय करायला हवं होतं ते त्याच्याच खात्याने तिथे लिहून ठेवलेलं असतं.

लेखाशीर्ष म्हणजे बजेटमधला पत्ता. पोषण २२३६, सामाजिक सुरक्षा २२३५, मागासवर्गीय कल्याण २२२५, शिक्षण २२०२ असे मोठे गट असतात. हा आकडा घेऊन राज्य सरकारच्या बीम्स या बजेट वाटपाच्या ऑनलाईन प्रणालीवर गेलात तर त्या शीर्षाखाली किती तरतूद झाली आणि किती वाटली ते दिसतं. संस्थेचं नाव तिथे मिळेलच असं नाही, पण "निधीच आला नाही हो" असं कोणी सांगितलं तर खरं की खोटं ते कळतं.

मग टेंडर. राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर जुनी टेंडरं शोधता येतात, महापालिकेचं असेल तर स्थायी समितीचा ठराव मागा. २०२२ नंतर बऱ्याच महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्या काळातले निर्णय प्रशासकाच्या सहीने झालेत, तेव्हा "स्थायी समिती ठराव" असं मागितलंत तर "असा ठराव नाही" हे उत्तर अगदी खरं मिळेल. म्हणून अर्जात "ठराव किंवा प्रशासकीय मान्यता" असं लिहायचं.

टेंडरच्या अटी नीट वाचा. महाराष्ट्रात यावरून मोठं महाभारत झालंय. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, काम गावातल्या महिला मंडळांना, बचत गटांना द्या असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगितलेलं. तरी कोर्टाने नेमलेल्या अन्न आयुक्तांच्या २०१२ च्या अहवालात आलं की महाराष्ट्रात नाव महिला मंडळांचं आणि मागे खासगी कंपन्या. पुढे २०१६ च्या टेंडरमध्ये अटीच अशा होत्या की छोट्या गटांना शिरकावच नाही, ते प्रकरण वैष्णोराणी महिला बचत गटाने कोर्टात नेलं आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कंत्राटं, सुमारे ६,३०० कोटींची म्हणून बातम्यांत गाजलेली, रद्द करून नवीन टेंडर काढायला लावलं. तेव्हा "बचत गटाला काम दिलं" एवढं वाचून खूश होऊ नका, उलाढालीची अट किती, मशिनरी कोणाच्या मालकीची, जागा भाड्याने कोणाकडून घेतली ते बघा.

संस्था कोणाची आहे

ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक तिच्या लेटरहेडवर, करारावर छापलेला असतो. तो घेऊन तुमच्या जिल्ह्याच्या धर्मादाय ऑफिसातून दोन गोष्टींच्या प्रमाणित नकला काढा. एक, परिशिष्ट एकचा उतारा, त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता असते. दोन, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, त्यात अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. काही ऑनलाईन मिळतात, काहींसाठी खिडकीवर जावं लागतं आणि क्लार्कसाहेब जेवायला गेलेले असतात, तेवढा वेळ धरून चला.

नावं बघताना बदल अर्जही बघा. विश्वस्त बदलले की संस्थेने तो दाखल करायचा असतो. टेंडर निघायच्या थोडं आधी जुने सगळे विश्वस्त बाहेर आणि नवीन आत, असं दिसलं तर थांबून विचार करा. हा लगेच गुन्हा नाही, पण काम नसलेली जुनी संस्था "अनुभव" दाखवायला ताब्यात घेतली का हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

संस्था कंपनी कायद्यातल्या कलम ८ ची, म्हणजे ना नफा कंपनी असेल तर धर्मादायकडे काही मिळणार नाही, कंपनी खात्याच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तिचे दाखल केलेले कागद बघता येतात. शिवाय केंद्राच्या दर्पण पोर्टलवर संस्थेचं नाव टाका, तिथे पदाधिकारी आणि मिळालेलं अनुदान संस्थेने स्वतः भरलेलं असतं. स्वतः भरलेलं, हे विसरू नका, तो पुरावा नाही, तुलनेसाठी एक आकडा आहे.

आता माहिती अधिकार

दोन रस्ते आहेत. संस्थेला सरकारकडून भरीव पैसा मिळत असेल तर ती स्वतःच "सार्वजनिक प्राधिकरण", म्हणजे माहिती द्यायला बांधील संस्था, ठरू शकते, डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं, भरीव म्हणजे पन्नास टक्क्यांच्या वरच पाहिजे असं नाही आणि सरकारने फुकट किंवा नाममात्र दरात दिलेली जमीनसुद्धा यात धरली जाते. पण प्रत्यक्षात संस्थेला अर्ज टाकलात की "आम्हाला कायदा लागू नाही" असं उत्तर येतं आणि तुम्ही वर्षभर अपिलात अडकता. माझं मत, हा रस्ता दुसरा ठेवा. पहिला रस्ता, अर्ज खात्याला. इथे शिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचं शिक्षण खातं. कलम २(च) नुसार खासगी संस्थेची जी माहिती खातं दुसऱ्या कुठल्या कायद्याने मिळवू शकतं तीही "माहिती"च आहे.

महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. राज्याच्या आरटीआय पोर्टलवरूनही करता येतो. "का", "कशामुळे", "दोषी कोण" असलं काही विचारू नका, उत्तर येतं "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" आणि तुमचे ३० दिवस पाण्यात. कागदाचं नाव लिहून कागद मागा. असा:

"विषय: केंद्रीय स्वयंपाकगृहामार्फत पोषण आहार पुरवठा, जून ते ऑगस्ट. (१) संबंधित संस्थेशी केलेला करारनामा, जोडपत्रांसह. (२) या तीन महिन्यांत संस्थेने सादर केलेली देयके व त्यासोबत जोडलेली शाळानिहाय लाभार्थी प्रमाणपत्रे. (३) याच काळात स्वयंपाकगृहाच्या झालेल्या तपासण्यांचे अहवाल. (४) संस्थेस आकारलेला दंड व केलेली कपात यांचे आदेश. (५) संस्थेस दिलेल्या तांदळाच्या उचलीचा शाळानिहाय हिशोब. कृपया प्रथम अभिलेख पाहणीस उपलब्ध करून द्यावेत, त्यानंतर आवश्यक प्रती मागण्यात येतील. विद्यार्थ्यांची नावे नकोत."

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम आहेत. पाहणी मागितली की पहिला तास फुकट, फाईल तुमच्यासमोर उघडते आणि ज्या कागदाचं नावही तुम्हाला माहीत नव्हतं तो टिपणीच्या पानात सापडतो, नंतर दोन रुपये पान या दराने हव्या तेवढ्याच प्रती घ्या. नाहीतर दोन हजार पानांचे चार हजार भरा असं पत्र येतं, ही ऑफिसची आवडती ट्रिक आहे. आणि मुलांची नावं नकोत हे लिहिल्यावर "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार द्यायला जागा राहत नाही. हे आता जास्त महत्त्वाचं झालंय कारण डेटा संरक्षण कायद्यामुळे नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम ८(१)(ञ) बदललंय, पूर्वी त्याच कलमात असलेली सार्वजनिक हिताची पळवाट, म्हणजे आपल्या बाजूची, गेली. कलम ८(२), म्हणजे सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते हे, मात्र शाबूत आहे, अपिलात त्याच्यावर बोट ठेवायचं.

संस्था म्हणेल आमची व्यावसायिक गुपितं आहेत. खातं कलम ११ ची नोटीस संस्थेला काढतं, तिला दहा दिवस मिळतात, अशा वेळी एकूण मुदत ४० दिवस होते. संस्थेची हरकत म्हणजे नकार नव्हे, निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच द्यायचा असतो. उत्तर नाही आलं तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग, तिथे मात्र नंबर कधी लागेल ते देव जाणे, म्हणून पहिल्या अपिलाची तयारी जीव लावून करा आणि सुनावणीला स्वतः जा. निम्मे कागद त्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळतात, हा अनुभव बहुतेक अर्जदारांचा आहे.

कागद आले, आता काय बघायचं

इथे वेळ द्या, सगळी मजा इथेच आहे.

शाळेत तीन ठिकाणी मुलांचा आकडा असतो. वर्गशिक्षकाची हजेरी, रोजची एमडीएमची (मिड डे मील, म्हणजे पोषण आहाराची) ऑनलाईन नोंद, आणि टेम्पोबरोबर आलेल्या पावतीवर मुख्याध्यापकाने सही करून घेतलेला आकडा. चौथा आकडा बिलात. आता नियम बघा, पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. तांदूळ केंद्राकडून फुकट येतो, आणि बाकी डाळ-तेल-भाजी वगैरेला दर मुलामागे ठरलेला खर्च मिळतो, मे २०२५ पासून तो प्राथमिकला ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये केला होता (सध्याचा दर ताज्या जीआरमध्ये बघून घ्या).

समजा एका प्राथमिक शाळेचा पट ३००. प्रत्यक्ष हजेरी रोजची २४० आणि बिलात २९०. फरक पन्नास पोरांचा, वाटतो किरकोळ. ५० गुणिले ६.७८ म्हणजे दिवसाला ३३९ रुपये, महिन्याचे २२ दिवस धरले तर ७,४५८. अशा चाळीस शाळा एका किचनकडे असल्या तर महिन्याला २ लाख ९८ हजारांच्या वर. आणि तांदूळ? पन्नास मुलांचा रोज ५ किलो, महिन्याला ११० किलो, चाळीस शाळांचा ४,४०० किलो, म्हणजे ५० किलोची ८८ पोती. ही पोती शिजलीच नाहीत तर कुठे गेली हा प्रश्न पैशापेक्षा जास्त टोचतो, कारण पोती लपवायला जागा लागते.

म्हणून एक शाळा, एक महिना, एवढंच आधी घ्या आणि वहीत चार रकाने आखा. पूर्ण शहराचा डेटा मागून एक्सेलमध्ये बुडून गेलेले लोक बघितलेत, हाती काही लागत नाही. तारखाही बघा. शाळेला सुट्टी असलेल्या दिवशी आहार पोचल्याची पावती असते, सहामाही परीक्षेच्या अर्ध्या दिवसाला पूर्ण हजेरी असते, पावसाने शाळा बंद ठेवायचा कलेक्टरांचा आदेश असतो आणि बिलात तो दिवस हसत उभा असतो. हे हजेरीत पकडण्यापेक्षा कॅलेंडरवर पकडणं सोपं आहे.

चव नोंदवही उघडून बघा. मुलांना वाढायच्या आधी कोणीतरी चाखून त्यात लिहायचं असतं. महिनाभर एकाच पेनाने, एकाच अक्षरात "चव चांगली" लिहिलेलं असेल तर ती वही एका बैठकीत भरलीय हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञ नको. याउलट ज्या वहीत मधेच "आज डाळ पातळ", "मीठ जास्त" असं सापडतं ती शाळा बहुतेक खरं लिहितेय, तिच्या बाकीच्या आकड्यांवरही जास्त विश्वास ठेवा.

मग अनुदानाच्या योजनांमधला राजा कागद, उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे युसी म्हणतात. केंद्राच्या वित्तीय नियमांत (२०१७, नियम २३८) आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत ते द्यायचं असतं. युसीवर शेवटच्या रुपयापर्यंत खर्च जुळलेला असेल, अनुदान २५ लाख आणि खर्चही बरोब्बर २५ लाख, तर भुवया उंचवा, खऱ्या कामात काहीतरी उरतं किंवा कमी पडतं. अनुदान खात्यात पडून असताना मिळालेलं व्याज कुठे दाखवलंय ते बघा. ३१ मार्चच्या आसपास एकदम मोठी खरेदी आहे का बघा. पण इथे न्यायाने वागा, कारण खात्याने पैसेच २८ मार्चला सोडलेले असतात आणि बिचाऱ्या संस्थेने वर्षभर उधारीवर चालवलेलं असतं. पैसे कधी सुटले त्याची तारीख आधी, संशय नंतर.

युसी धर्मादायकडच्या अनुसूची नऊच्या शेजारी ठेवा. खातं म्हणतं ४० लाख दिले, संस्थेच्या उत्पन्नात सरकारी अनुदान ३१ लाख. बाकीचे नऊ? कदाचित पुढच्या वर्षी जमा झालेत, कदाचित दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्यात. लेखी विचारा. आणि खर्चात भाडं, गाड्या, "सल्ला शुल्क" कोणाला दिलं ते विश्वस्तांच्या नावांशी ताडून बघा. संस्था ना नफा तत्त्वावर, पण टेम्पो विश्वस्ताच्या भावाचा, किचनची जागा बायकोच्या नावावर, भांडी मेव्हण्याच्या दुकानातून, असा ना नफा बराच नफ्यात असतो.

प्रत्यक्ष जाऊन बघणं

शाळेत पालक म्हणून जा, शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात, समितीच्या सदस्याला घेऊन गेलात तर कोणी अडवत नाही. टेम्पो येण्याच्या वेळेला जा, काटा आहे का, डबे मोजून घेतात की नुसती सही होते ते बघा. मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

बालगृह, महिला वसतिगृह, निवारा यांना हा सल्ला लागू नाही. तिथे स्वतः घुसायचं नाही, मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. तिथे तपासणी समितीचे अहवाल मागा. बिहारच्या मुझफ्फरपूरमध्ये संस्थेने चालवलेल्या बालिकागृहातले अत्याचार २०१८ मध्ये बाहेर आले ते आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या कोशिश टीमने केलेल्या सोशल ऑडिटमुळे, म्हणजे लाभार्थ्यांशी बोलून केलेल्या तपासणीमुळे. सरकारी तपासणीस आधीही जात होते. फरक एवढाच की कोशिशची माणसं मुलींशी बोलली. म्हणून अहवाल मागताना "तपासणी झाली का" एवढं नको, तपासणीत राहणाऱ्यांशी बोलल्याची नोंद आहे का ते बघा.

तक्रार कुठे आणि कशी

एका पानाची तक्रार, दोन कागद समोरासमोर, खाली फरक. भाषण नको, "भ्रष्टाचाराचा भस्मासुर" वगैरे तर अजिबात नको. "चोरी केली" असं लिहू नका, "या दोन नोंदींत एवढी तफावत आहे, चौकशी व्हावी" असं लिहा, नाहीतर उद्या अब्रूनुकसानीची नोटीस तुमच्या दारात.

पहिली प्रत बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या वरच्याला. जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे टोकन घेऊन दिलेली तक्रार नोंदीत येते. विश्वस्तांनी संस्थेचा पैसा वळवलाय असं दिसत असेल तर धर्मादाय आयुक्त, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ड खाली ते विश्वस्ताला काढू शकतात. लाच मागितल्याचा प्रकार असेल तर लाचलुचपत विभाग, १०६४.

एक पत्ता लोक विसरतात, तो म्हणजे महालेखाकार, मुंबई किंवा नागपूर, सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचं राज्यातलं ऑफिस. कॅगच्या १९७१ च्या कायद्यातलं कलम १४ सांगतं की संस्थेला वर्षात किमान २५ लाख अनुदान किंवा कर्ज मिळालं आणि ते तिच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी नसेल तर कॅग त्या संस्थेचा हिशोब तपासू शकतो. कलम १५ खाली तर अनुदान देणाऱ्या खात्याने अटी पाळल्या जातात की नाही याची खात्री कशी करून घेतली हे तपासता येतं. तुमच्या तक्रारीवर उद्या टीम येणार नाही, पण पुढच्या ऑडिटला कुठे बघायचं हे त्यांना कळतं आणि ऑडिट पॅरा (अहवालातला आक्षेप) निघाला की खात्याला उत्तर द्यावंच लागतं. शिवाय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये सोशल ऑडिट आहे, तुमच्या भागात शेवटचं कधी झालं, अहवाल कुठे आहे, हा दुसरा छोटा अर्ज लगेच टाकून द्या.

हे सगळं एकट्याच्या नावावर करू नका. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा २०१० मध्ये खून झाला, माहिती मागणाऱ्याला महाराष्ट्रात काय होऊ शकतं ते आपल्याला माहितीय. तीन-चार पालकांनी वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या शाळांसाठी तोच अर्ज टाकायचा. आलेले कागद त्याच दिवशी स्कॅन करून सगळ्यांच्या ईमेलवर. आणि संस्थेला तक्रारीआधी एक सभ्य पत्र पाठवा, आम्हाला ही तफावत दिसतेय, तुमचं म्हणणं काय. चांगली संस्था असेल तर तिचा हिशोबनीस दुसऱ्या दिवशी फोन करतो आणि बऱ्याचदा चूक तिची नसून ऑफिसातल्या कोणीतरी जुना पट कॉपी-पेस्ट केलेला असतो. उत्तर नाही आलं तर ते पत्र आणि पोचपावती तक्रारीला जोडून टाका.